जादा पाळीचे मोल

कोणत्याही मध्यम आकाराच्या खासगी रुग्णालयात, परिचारिका जेथे बसून नोंदी लिहितात त्या मेजामागच्या भिंतीवर एक कागद चिकटविलेला असतो. तेथील मंडळी त्याला ‘ड्यूटी लिस्ट’ म्हणतात. आडव्या ओळींत नावे, उभ्या रकान्यांत तारखा, आणि प्रत्येक चौकोनात सकाळपाळीसाठी ‘एम’, दुपारपाळीसाठी ‘ई’ व रात्रपाळीसाठी ‘एन’ असे एकेक अक्षर, अशी त्याची साधी रचना असते. परंतु महिना सरत आला की त्याच कागदावर काही चौकोनांत वेगळ्या शाईने दुसरे अक्षर दाटीने बसविलेले दिसू लागते, क्वचित सुट्टीचा ‘ऑफ’ खोडून त्या जागी पाळी लिहिलेली आढळते, आणि ज्या नावांपुढे अशी अक्षरे अधिक ती नावे बहुधा घरापासून दूर, वसतिगृहात किंवा चौघींनी मिळून घेतलेल्या खोलीत राहणाऱ्या, कुटुंबाचा भार वाहणाऱ्या तरुण मुलींची असतात. या दुसऱ्या अक्षराला रुग्णालयाच्या बोलीत ‘डबल’ असे नाव आहे. सरकारी मराठीत त्यालाच अतिकालिक काम म्हणतात. चार पैसे अधिक मिळावेत म्हणून परिचारिकेने आपली पाळी संपल्यावर दुसरी पाळी पत्करावी, हा व्यवहार वरकरणी इतका साधा व खुशीचा वाटतो की त्याचा समग्र विचार करण्याची आवश्यकता फारशी कोणाला भासत नाही. आणि तो विचार व्हावा, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की ‘डबल’ या एकाच शब्दाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी नांदतात. पहिली, परिचारिकेने स्वतः इन्चार्ज सिस्टरकडे जाऊन मागून घेतलेली जादा पाळी. या महिन्यात धाकट्या भावाची फी भरायची आहे, तेव्हा कोणी रजेवर असेल तर मला सांगा, असे म्हणून घेतलेली. दुसरी, न मागता गळ्यात पडलेली. पुढच्या पाळीची सिस्टर आली नाही, तिला ‘ओव्हर’ दिल्यावाचून, म्हणजे रुग्णांचा कार्यभार सोपविल्यावाचून, कक्ष सोडणे हा कर्तव्यच्युतीचा गुन्हा, आणि म्हणून पावणेनऊ वाजता मेट्रनचा फोन येतो की ‘आजची नाइट तूच कर’. तिसरी गोष्ट रुग्णालयाच्या कागदावर कोठेच उमटत नाही. दिवसा एका ठिकाणी नोकरी करणारी परिचारिका रात्री एखाद्या ब्युरोमार्फत कोणाच्या घरी पक्षाघाताच्या वृद्ध रुग्णाची ‘केस’ करते, बारा तास त्याच्या उशाशी बसते, ब्युरोचे कमिशन वजा जाता उरलेली रक्कम पदरात घेते, आणि सकाळी तेथूनच परस्पर आपल्या कामावर रुजू होते. कारखान्यातील कामगाराने एकाच दिवशी दोन कारखान्यांत राबू नये, अशी तरतूद १९४८ च्या कारखाना अधिनियमात होती. परिचारिकेच्या दोन मालकांकडील तासांची बेरीज मात्र कोणत्याही दफ्तरात होत नाही. या तीन प्रकारांपैकी पहिल्यालाच खुशीचा म्हणता येईल, आणि तोही किती खुशीचा हे पगाराकडे पाहिल्यावाचून सांगता येणार नाही.

या देशात परिचारिकेचा पगार तिच्या विद्येवर ठरत नाही, तर तिचा धनी कोण यावर ठरतो. महाराष्ट्र शासनाच्या सेवेतील अधिपरिचारिकेचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगाप्रमाणे दरमहा ३५,४०० रुपयांपासून सुरू होते, वर महागाई भत्ता व घरभाडे वेगळे. आणि त्याच तीन-साडेतीन वर्षांच्या अभ्यासक्रमातून बाहेर पडलेली, त्याच परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत नाव असलेली तिची मैत्रीण खासगी रुग्णालयात याच्या निम्म्यावर किंवा त्याहूनही कमी रकमेवर काम करताना दिसते. हा प्रश्न ‘ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया’ या १९०८ साली स्थापन झालेल्या जुन्या संस्थेने सर्वोच्च न्यायालयापुढे नेला. २९ जानेवारी २०१६ रोजी न्यायालयाने केंद्र सरकारला समिती नेमण्याचा आदेश दिला, आणि आरोग्यसेवांचे तत्कालीन महासंचालक डॉ. जगदीश प्रसाद यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्याच वर्षी आपल्या शिफारशी सादर केल्या. दोनशेहून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयाने राज्य शासनाच्या परिचारिकेइतकेच वेतन द्यावे. शंभर ते दोनशे खाटा असल्यास ते दहा टक्क्यांहून अधिक उणे नसावे. पन्नास ते शंभर असल्यास पंचवीस टक्क्यांहून अधिक उणे नसावे. आणि पन्नास खाटांच्या आतील रुग्णालयातही दरमहा २०,००० रुपयांखाली कोणी जाऊ नये. केरळ राज्याने, तेथील परिचारिकांच्या दीर्घ लढ्यानंतर, २०१८ साली या वीस हजारांच्या किमान आकड्याला अधिसूचनेचे बळ दिले. इतरत्र शिफारस ही बव्हंशी शिफारसच राहिली. ज्या मुलीच्या वडिलांनी शेत गहाण टाकून तिच्या शिक्षणाचे हप्ते भरले, जिला परदेशी जाण्यासाठी इंग्रजीची परीक्षा द्यायची आहे व त्या परीक्षेचे शुल्कच तिच्या मासिक प्राप्तीचा मोठा अंश गिळणार आहे, तिने महिन्यात सहा जादा पाळ्या मागितल्या तर त्या मागणीस इच्छा म्हणण्यापेक्षा मूळ पगारातील तूट म्हणणे मला अधिक यथार्थ वाटते.

आता कायद्याकडे वळू, कारण या प्रश्नाची किल्ली तेथे आहे आणि ती पुष्कळांच्या नजरेतून निसटलेली आहे. अतिकालिक कामाला दुप्पट दराने मोबदला द्यावा, हे तत्त्व आपल्याकडे १९४८ च्या कारखाना अधिनियमाने रुजविले. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाच्या कक्षेत रुग्णालये व प्रसूतिगृहेही आहेत आणि तेथेही दर दुपटीचाच आहे. २०१९ च्या वेतन संहितेनेही तोच दर कायम केला. दुप्पट का, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. सामान्य समज असा की थकलेल्या माणसाच्या श्रमाची ती भरपाई आहे, आणि तो समज खोटाही नाही. परंतु त्या तरतुदीचा अधिक खोल हेतू जादा काम मालकाला महाग पडावे हा आहे, जेणेकरून माणूस थकविण्यापेक्षा आणखी एक माणूस नेमणे त्याला स्वस्त वाटावे. हा दर म्हणजे कामगाराला दिलेले आमिष नव्हे. तो मालकाच्या हाताला घातलेला आवर आहे.

हे हिशेबाने पाहू. समितीने सांगितलेला किमान २०,००० रुपयांचा पगार धरला आणि महिन्याचे कामाचे दिवस सव्वीस मानले, तर एका दिवसाचे सुमारे ७६९ रुपये होतात. कायद्याप्रमाणे आठ तासांच्या जादा पाळीचे सुमारे १,५३८ रुपये परिचारिकेच्या हाती पडले पाहिजेत. ज्या रुग्णालयात ‘डबल’ला एकेरी दरानेच पैसे मोजले जातात, तेथे तिला ७६९ मिळतात, म्हणजे सहा पाळ्यांमागे तिचे साडेचार हजारांहून अधिक रुपये बुडतात, परंतु केवळ तिचे नुकसान पाहून थांबणे बरोबर नाही, कारण त्याच क्षणी मालकाच्या वहीतही एक उलथापालथ झालेली असते. नवी परिचारिका नेमली तर तिचा पगार, भविष्य निर्वाह निधीतील मालकाचा वाटा, पुढे द्यावे लागणारे उपदान, भरपगारी रजा, गणवेश, राहण्याची सोय, हे सारे आले. जुन्याच परिचारिकांकडून एकेरी दराने सव्वीस जादा पाळ्या करून घेतल्या तर यातले बहुतेक काही येत नाही. निर्वाह निधीच्या १९५२ च्या कायद्याने व उपदानाच्या १९७२ च्या कायद्याने अतिकालिक रकमेला वेतनाच्या व्याख्येबाहेर ठेवले, आणि नव्या संहितांतील व्याख्याही सामान्यतः त्याच मार्गाने जाते. दुपटीच्या दराने जादा पाळी नव्या नेमणुकीपेक्षा महाग असते. एकेरी दराने ती नव्या नेमणुकीपेक्षा स्वस्त होते. आणि स्वस्त झाली की रिक्त जागा भरण्याचे कोणतेही कारण व्यवस्थापनापुढे उरत नाही. परिचारिकेच्या बाजूने पाहावे तर तिने पाच वर्षे महिन्याला सहा ‘डबल’ केले तरी त्या तीनशे साठ पाळ्यांचा तिच्या निर्वाह निधीवर किंवा उपदानावर सहसा एक पैशाचाही परिणाम होत नाही. आजचे तास विकून आजचा खर्च भागतो. उतारवयाची शिल्लक त्यातून वाढत नाही.

२०१७ च्या अधिनियमात तीन महिन्यांस १२५ तास अशी जादा कामाची कमाल मर्यादा होती. ती १४४ तासांवर नेण्यास २०२५ च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. उद्योगसुलभतेच्या दृष्टीने त्यात काही तथ्य असेलही, पण १४४ तास म्हणजे दरमहा आठ तासांच्या बरोबर सहा जादा पाळ्या होतात, आणि रुग्णालयाच्या संदर्भात हा आकडा वाचताना माझे मन अस्वस्थ झाले, हे मी लपवीत नाही.

शासकीय रुग्णालयांची कथा वेगळी आहे आणि थोडक्यात सांगण्याजोगी आहे. तेथे पगार बरा, पण जादा पाळीस रोख मोबदला सहसा नाही. त्याऐवजी बदली सुट्टी जमा होते, आणि ज्या मनुष्यबळाच्या अभावी जादा काम करावे लागले त्याच अभावापायी ती सुट्टी मंजूर होत नाही. खासगी नोकरी करण्याची मुभा १९७९ च्या वर्तणूक नियमांनी पूर्वपरवानगीवाचून दिलेली नाही. अर्थात पैशासाठी जादा काम हा मुख्यत्वे खासगी क्षेत्राचा प्रश्न आहे. न भरलेल्या जागा हा मात्र दोहोंचा समाईक आहे.

इतका वेळ आपण पैशाचा विचार केला. परंतु परिचारिकेच्या जादा पाळीत तिच्या व मालकाच्या जोडीला एक तिसरा पक्षकार असतो. त्याला या कराराची वार्ताही नसते, आणि तो खाटेवर पडलेला असतो. १९९७ साली ऑस्ट्रेलियातील डॉसन आणि रीड या संशोधकांनी ‘नेचर’ या नियतकालिकात असे दाखविले की सतरा तास सलग जागलेल्या माणसाचा हात-डोळ्यांचा मेळ व अवधान हे रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतके खालावते. आपल्या देशात वाहन चालविणाऱ्यासाठी कायद्याने ठरविलेली मर्यादा ०.०३ टक्के आहे. सकाळी सातच्या पाळीसाठी पाचला उठलेली परिचारिका दुपारपाळीही करून रात्री नऊला कक्षाबाहेर पडते तेव्हा तिला जागून सोळा तास झालेले असतात. आणि दुपारी दोनला आलेली जी रात्रपाळीही पुढे चालविते, ती सकाळी सातला सतरा तास सलग उभी राहिलेली असते, जागेपणाचे तास तर त्याहून अधिक. अमेरिकेत अ‍ॅन रॉजर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३९३ परिचारिकांच्या ५,३१७ पाळ्यांच्या नोंदी तपासून २००४ साली असा निष्कर्ष काढला की साडेबारा तास किंवा त्याहून अधिक काम झाले की चूक होण्याचा संभव तिपटीने वाढतो. रात्रपाळीच्या दीर्घकालीन परिणामांविषयी तर कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००७ साली आणि पुन्हा २०१९ साली असा निर्वाळा दिला आहे की असे काम हे मनुष्यात कर्करोगाचे संभाव्य कारण मानावे.

आकड्यांपेक्षा एक रात्र मला अधिक स्मरते. वडिलांच्या आजारपणात मी एका रुग्णालयात त्यांच्या उशाशी बसलो होतो. पहाटेच्या तीनला सलाइनमधून द्यावयाचे औषध घेऊन आलेली परिचारिका आदल्या दिवशी दुपारी मी आलो तेव्हाही तेथेच होती. तिने कुपी दिव्यासमोर धरली, तिच्यावरचे नाव मोठ्याने वाचले, मग कागदावरचे वाचले, पुन्हा कुपीवरचे वाचले, आणि मग माझ्याकडे कुपी करून म्हणाली, ‘काका, तुम्ही पण एकदा वाचा ना.’ मी वाचले. ती म्हणाली, ‘डबल आहे आज, म्हणून दोनदा बघते.’ आपल्या अवधानावरचा आपला विश्वास उणावला आहे हे त्या मुलीला ठाऊक होते, आणि ती उणीव ती ज्या निष्ठेने भरून काढीत होती, तिच्यापुढे मला आजही नतमस्तक व्हावेसे वाटते. परंतु रुग्णाची सुरक्षितता थकलेल्या मुलीच्या सद्‌बुद्धीवर आणि नातेवाइकाच्या अर्धवट झोपेतल्या डोळ्यांवर सोपविणारी व्यवस्था योग्य आहे, असे कोणीही म्हणू शकणार नाही.

येथे ‘सेवा’ या शब्दाविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. परिचर्या ही सेवा आहे, मग तिच्यात घड्याळ कसले व दर कसला, असा आक्षेप सभ्य माणसांच्या तोंडून ऐकू येतो. चरकाने चिकित्सेच्या चार पादांत वैद्य, औषध व रोगी यांच्याबरोबर परिचारकाला स्थान दिले आणि त्याच्या गुणांत उपचारांचे ज्ञान, दाक्ष्य, रुग्णाविषयी अनुराग आणि शौच हे चार गणले. यातला अनुराग तेवढा आपण परिचारिकेकडे मागतो आणि दाक्ष्य विसरतो. अनुराग जागरणाने कमी होत नसेल, पण दाक्ष्य झोपेवाचून टिकत नाही. ज्याला खरोखर सेवेचा आदर आहे, त्याने सेवा करणाऱ्या हाताच्या विश्रांतीची काळजी सर्वांआधी करावी. वैमानिकाच्या विश्रांतीचे तास नियमाने बांधलेले असतात, आणि त्यामुळे त्याच्या कर्तव्यनिष्ठेचा अवमान झाला असे कोणी मानीत नाही.

बाहेरच्या देशांनी काय केले? अमेरिकेत १९३८ च्या कायद्यान्वये आठवड्याच्या चाळीस तासांपुढील कामास दीडपट दर आहे, आणि न्यूयॉर्कसह काही राज्यांनी परिचारिकेवर सक्तीने जादा पाळी लादण्यास मनाई केली आहे. स्वेच्छेच्या जादा कामाला मनाई नाही. कॅलिफोर्नियाने उलट्या बाजूने हात घातला: १९९९ चा कायदा करून एका परिचारिकेकडे किती रुग्ण असावेत याचीच मर्यादा ठरविली, म्हणजे जागा रिकामी ठेवणेच अवैध झाले. युरोपीय संघाच्या निर्देशाने दोन पाळ्यांमध्ये सामान्यतः अकरा तासांची सलग विश्रांती आवश्यक मानली आहे. जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी महाराष्ट्र शासनाने २०२४ साली कुशल मनुष्यबळाचा जो करार केला त्यात परिचारिकाही आहेत. तेव्हा सांगलीची किंवा लातूरची जी मुलगी उद्या स्टुटगार्टच्या रुग्णालयात रुजू होईल, तिला तेथे प्रथमच कळेल की थकून घरी गेलेल्या परिचारिकेला लगेच परत बोलाविणे हे गैर मानले जाते. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९७७ साली परिचारिकांविषयीचा १४९ क्रमांकाचा करार व त्याच्या जोडीची शिफारस मंजूर केली. त्या शिफारशीत जादा काम धरून दिवसाचे तास बारापलीकडे जाऊ नयेत, असे म्हटले आहे.

आता कोणी म्हणेल, मग जादा पाळीच बंद करावी. हा उपाय मला मान्य नाही. मी ज्या ज्या परिचारिकांशी या विषयावर बोललो, त्यांतील बहुतेकींनी बंदीच्या कल्पनेने घाबरून जाऊन हेच विचारले की मग घरी पैसे कोठून पाठवायचे. आणि त्यांचे भय रास्त आहे. मूळ पगार तोच ठेवून जादा पाळी बंद करणे म्हणजे रोग तसाच ठेवून रुग्णाची काठी काढून घेणे होय. ती मुलगी मग ब्युरोच्या ‘केस’कडे वळेल, जेथे तासांची नोंदही नाही. क्रम उलटा हवा. आधी २०१६ च्या शिफारशींना कायद्याचे स्वरूप द्यावे. दुपटीचा दर खरोखर दिला जातो की नाही याची तपासणी हजेरीपटावरून व्हावी, व्यवस्थापनाच्या तोंडी निवेदनावरून नव्हे. ‘ओव्हर’ देण्या-घेण्यात पाळी संपल्यावर जाणारा अर्धा-पाऊण तासही हिशेबात धरावा. आणि भारतीय परिचर्या परिषदेने रजेच्या राखीव मनुष्यबळासाठी जी तीस टक्के अधिक जागांची गरज सांगितली आहे, ती कागदावरून कक्षात यावी. राखीव परिचारिका असेल तर पावणेनऊचा तो फोन करावाच लागत नाही. १९४६ साली भोर समितीने या देशात त्रेचाळीस हजार लोकांमागे एक परिचारिका असल्याची नोंद केली होती. तेव्हा परिचारिका नव्हत्याच, म्हणून त्यांची ओढाताण अटळ होती. आज दरवर्षी महाविद्यालयांतून मुली बाहेर पडतात, नोंदणी करतात, आणि कमी पगारापायी देश किंवा व्यवसाय सोडतात.

जपानचे उदाहरण मी मुद्दाम शेवटी ठेवले आहे. रात्री साऱ्या कक्षाला एकटीच परिचारिका, आणि तिला महिन्यातून दहा-पंधरा रात्रपाळ्या, अशी तेथील युद्धोत्तर काळातील अवस्था होती. सरकारी नोकरवर्गाच्या सेवाशर्ती पाहणाऱ्या प्राधिकरणाने १९६५ साली निर्णय दिला की रात्री एकटी परिचारिका असू नये आणि तिच्या रात्रपाळ्या महिन्यास सरासरी आठ असाव्यात. निर्णय झाला, अंमल झाला नाही. जागा नाहीत, पैसा नाही, हीच उत्तरे तेथेही मिळाली. तेव्हा १९६८ साली निईगाता प्रांताच्या रुग्णालयांतील परिचारिकांनी ‘दोन आणि आठ’ ही दोन साधी संख्यापदे आपल्या लढ्याचे नाव म्हणून घेतली: रात्री दोघी, महिन्यास आठ. त्यांनी रुग्णांना वाऱ्यावर सोडले नाही. संघटनेने बसून पाळ्यांचा तक्ता स्वतः लिहिला, प्रत्येक रात्रीच्या चौकोनात दोन नावे घातली, एकाही नावापुढे आठांहून अधिक रात्री येऊ दिल्या नाहीत, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या तक्त्याप्रमाणे कामावर येण्यास प्रारंभ केला.